नाण्यानेच दिलेली साक्ष

वाचकाचे पत्र: गेल्या वर्षभरापासून मी जुनी चांदीची नाणी जमवतो आहे. नुकतीच एका विक्रेत्याकडून तीन नाणी एकत्र घेतली: 1875 सालचा अमेरिकेचा ट्रेड डॉलर, 1780 साल असलेला ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थालर आणि ईस्ट इंडिया कंपनीचा 1840 सालचा रुपया. काट्यावर ती अनुक्रमे 24.10, 28.05 आणि 11.52 ग्रॅम भरली. तिन्हींना चुंबक चिकटत नाही. डॉलरवर ठेवलेला बर्फ झरझर वितळतो आणि एका जाणकार सोनाराने तो कसोटीच्या दगडावर घासून चांदी असल्याचे सांगितले आहे, त्यामुळे डॉलरबद्दल मी निश्चिंत आहे. त्यावर चिनी व्यापाऱ्याने मारलेला छोटा शिक्काही आहे, त्याचा मला अभिमान वाटतो. शंका येते ती इतर दोन नाण्यांची. थालर जवळजवळ अडीचशे वर्षांचा असावा असे दिसतच नाही, तो फार नवा वाटतो. रुपयावर राणीचे नाव डोक्याच्या दोन बाजूंना विभागलेले आहे, तर मित्राकडच्या त्याच सालच्या रुपयावर ते सलग आहे. शिवाय माझ्या रुपयावर राणीच्या गालाचा आणि केसांचा उंच भाग सपाट झालेला आहे. माझा रुपया बनावट आहे का? यापुढे खरेदी करताना मी काय पाहावे? डॉलरच्या दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

उत्तर: तुमच्या मनातला क्रम मला उलटा करावा लागणार आहे. ज्या नाण्याबद्दल तुम्ही निश्चिंत आहात तेच बनावट आहे, आणि ज्या रुपयाबद्दल तुम्हाला शंका आहे तो, तुम्ही दिलेल्या माहितीवरून, बहुधा अस्सल आहे. थालरची हकिगत थोडी निराळी आहे, तिच्याकडे नंतर येतो. हे सांगताना मला वाईट वाटते, कारण तुम्ही आळस केलेला नाही. नाणी हाती येताच तुम्ही ती तोललीत, आणि हे काम वर्षानुवर्षे संग्रह करणारेही टाळतात. फक्त काट्यावर आलेला आकडा नाण्यासमोर धरून पाहायचे तेवढे राहून गेले.

डॉलरची मागची बाजू पुन्हा एकदा हातात घ्या. गरुडाच्या खाली इंग्रजीत ‘420 ग्रेन्स, 900 फाइन’ अशी अक्षरे आहेत. हे नाणे चीन आणि पूर्व आशियातल्या व्यापारासाठी 1873 पासून पाडले गेले, आणि अनोळखी व्यापाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्याचे वजन आणि चांदीचा कस, म्हणजे हजार भागांत किती भाग चांदी, नाण्यावरच कोरलेला होता. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, म्हणजेच 420 ग्रेन म्हणजे 27.22 ग्रॅम. तुमचे नाणे 24.10 ग्रॅम भरते, म्हणजे सुमारे 372 ग्रेन. जे नाणे स्वतःच्या अंगावर 420 लिहून 372 भरते, त्याच्या विरुद्ध दुसरा साक्षीदार शोधण्याची खरे तर गरजच नाही.

यावर तुम्ही म्हणाल की नाणी झिजतात. झिजतात हे खरे, आणि खूप वापरलेल्या चांदीच्या नाण्याचे वजन दोन-तीन टक्क्यांनी, फारच गुळगुळीत झालेले असेल तर त्याहूनही काही अधिक कमी भरू शकते. परंतु तुमच्या नाण्यात साडेअकरा टक्क्यांची तूट आहे आणि छायाचित्रात मात्र बसलेल्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्याचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, वस्त्राच्या चुण्या आणि गरुडाच्या पंखांची पिसे जवळजवळ पूर्ण दिसत आहेत. झीज नेहमी सर्वांत उंच भागापासून सुरू होते. या नाण्यावर ती लिबर्टीच्या गुडघ्यावर, छातीवर आणि डोक्यावर आधी दिसायला हवी. जिथे गुडघा शाबूत आहे तिथे तीन ग्रॅम धातू झिजून गेला असे म्हणता येत नाही. वजन आणि झीज या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि माझ्या अनुभवात बनावट नाणे ओळखण्याचा मार्ग बहुतेक वेळा अशा न जुळणाऱ्या दोन गोष्टींमधूनच जातो.

आता तुमच्या तीन परीक्षांविषयी, कारण त्या इतक्या लोकप्रिय आहेत की त्यांच्या मर्यादा नीट समजून घेतल्या पाहिजेत. चांदीला चुंबक चिकटत नाही हे बरोबर, पण तांबे, पितळ, शिसे, कथील, जस्त आणि जर्मन सिल्व्हर यांपैकी कशालाही तो चिकटत नाही. (जर्मन सिल्व्हरमध्ये नावाखेरीज चांदीचा अंशही नसतो, ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते.) नाण्याने चुंबक पकडला तर ते लोखंडाच्या गाभ्याचे आहे हे कळते, नाही पकडला तर जवळजवळ काहीच कळत नाही. बर्फाचेही तसेच आहे. सर्व धातूंमध्ये चांदी उष्णता सर्वाधिक वेगाने वाहून नेते, परंतु तांबे तिच्या इतके निकट आहे की डोळ्यांनी पाहून दोघांत फरक करणे शक्य नाही. कसोटीच्या दगडाने सोनाराला जे दिसले ते खरेच चांदीचे होते, त्याची चूक झालेली नाही. परंतु दगडावर उमटते ते नाण्याच्या अगदी वरच्या थराचे, आणि मुलामा दिलेल्या नाण्याचा वरचा थर चांदीचाच असतो. तिन्ही परीक्षांनी तुम्हाला खोटे सांगितलेले नाही. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते एवढेच.

ते उत्तर ज्या परीक्षेजवळ आहे ती घरच्या घरी, नाण्याला कोणतीही इजा न करता होते. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचे एक लहान भांडे ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोऱ्याचा फास घालून ते पाण्यात पूर्ण बुडेल असे धरा. तळाला किंवा भांड्याच्या बाजूला ते टेकता कामा नये आणि त्याच्या अंगावर हवेचे बुडबुडे राहता कामा नयेत. आता काटा जो आकडा दाखवील तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते, म्हणजे नाण्याचा धातू तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते. शुद्ध चांदीचे ते 10.49 असते, तांबे मिसळलेल्या 900 कसाच्या चांदीचे सुमारे 10.3 येते. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साधारण साडेआठच्या आसपास राहतात, तांबे 8.96 वर, तर शिसे 11.3 वर. अस्सल ट्रेड डॉलर पाण्यात 2.64 च्या जवळपास आकडा दाखवतो. तुमच्या 24.10 ग्रॅमच्या नाण्याचा आकडा 2.8 च्या आसपास आला तर भागाकार 8.6 येईल आणि आतला धातू पितळ किंवा त्याच्या जातीचा आहे हे निश्चित होईल. नाणे वजनाला हलके असूनही पाणी मात्र अधिक सारते याचे कारण साधे आहे: हलक्या धातूने वजन गाठायचे तर बनवणाऱ्याला नाणे जाड करावे लागते, आणि इतके करूनही तुमच्या बाबतीत त्याला ते गाठता आलेले नाही. म्हणूनच वजनाबरोबर व्यास आणि जाडी मोजणे आवश्यक असते. ट्रेड डॉलरचा व्यास 38.1 मिलिमीटर आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लहान नाण्याच्या बाबतीत पाण्याचा आकडा इतका छोटा असतो की दोऱ्याला लागलेला एखादा थेंबही उत्तर बदलतो, म्हणून पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या.

तुम्ही पाठवलेल्या कडेच्या छायाचित्राने माझी उरलीसुरली शंकाही फेडली. कडेवरच्या उभ्या दात्यांच्या मधोमध, नाण्याभोवती फिरणारी एक बारीक रेघ दिसते आहे, आणि एका ठिकाणी, साधारण नखाच्या रुंदीएवढ्या भागात, दाते पुसट होऊन कानसीचे तिरपे ओरखडे आलेले आहेत. नाणे साच्यात ओतले की साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात तिथे सांधा उमटतो, आणि धातू जिथून आत ओतला जातो तिथे एक तुकडा शिल्लक राहतो. तो कापून कानसीने सपाट करावा लागतो. टाकसाळीत नाणे ओतले जात नाही. धातूची चकती दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाखाली सापडते आणि त्याच क्षणी भोवतालच्या कड्यात दाबली जाऊन तिच्यावर दाते उठतात, त्यामुळे तिथे सांधा येण्याचे काही कारणच नसते. खोटी नाणी करणाऱ्यांचे लक्ष दोन्ही तोंडांवर असते, कारण घेणारा तेवढेच पाहतो. कडेवर त्यांची मेहनत कमी पडते. मी स्वतः कोणतेही नाणे हाती आले की आधी कड पाहतो आणि मगच ते उलटवतो.

कडेचे महत्त्व आणखी एका नाण्यावरून सांगण्याचा मोह आवरत नाही. स्पॅनिश अमेरिकेतले राजाच्या मुखवट्याचे आठ रेआल, म्हणजे एके काळी निम्म्या जगात चाललेले चांदीचे नाणे, त्याच्या कडेवर वर्तुळ आणि आयत यांची आलटूनपालटून नक्षी असते. ही नक्षी ठसा मारण्यापूर्वीच, चकती दोन पट्ट्यांमध्ये गडगडवून उमटवली जात असे, आणि प्रत्येक पट्टी अर्धा घेर व्यापत असे. दोन पट्ट्या कधीच अगदी नेमक्या जुळत नसत, त्यामुळे अस्सल नाण्याच्या कडेवर समोरासमोर दोन ठिकाणी नक्षी एकमेकींवर चढलेली किंवा थोडी तुटलेली आढळते. सबंध घेरभर अखंड, निर्दोष नक्षी असलेला आठ रेआल म्हणूनच मला घाबरवतो. जुन्या कारागिरीत राहिलेली ही उणीव आज संग्राहकाच्या कामी येते.

तुमच्या डॉलरवर चिनी व्यापाऱ्याने मारलेला छोटा शिक्का आहे आणि त्याचा तुम्हाला अभिमान वाटतो हे पत्रातल्या उल्लेखावरून समजते. असे शिक्के अस्सल नाण्यांवर खरोखरच आढळतात. हातात आलेली चांदी तपासून व्यापारी त्यावर आपली खूण उमटवत. पण तुमच्या छायाचित्रातला शिक्का जवळून पाहा. पोलादी ठशाने ठोकलेल्या खुणेच्या कडा तीक्ष्ण असतात, तिच्या तळाशी धातू दाबून गुळगुळीत झालेला असतो, बाजूला सरकलेल्या धातूची किंचित वर आलेली कड बोटाला लागते, आणि बरोबर मागच्या बाजूला त्या जागी बहुधा थोडा सपाटपणा किंवा फुगवटा येतो. तुमच्या नाण्यावरच्या खुणेचा तळ भोवतालच्या मोकळ्या जागेइतकाच बारीक खरखरीत आहे, कडा गोलसर आहेत आणि मागे गरुडाच्या पिसांवर त्या आघाताची काहीच निशाणी नाही. ती खूण या नाण्यावर कोणीही मारलेली नाही. ज्या अस्सल नाण्यावरून साचा घेतला त्यावर ती होती, आणि डॉलरच्या चित्राबरोबर तीही साच्यात उतरली.

आतली चांदी पाहण्यासाठी नाणे छेदण्याची रीत फार जुनी आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. 375-374 मध्ये केलेला एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यात बाजारात बसून चांदीची नाणी तपासणारा सरकारी परीक्षक नेमलेला आहे, आणि ज्या नाण्याच्या आत तांबे किंवा शिसे निघेल ते त्याने तिथल्या तिथे मधून छेदावे अशी आज्ञा आहे. खोट्या नाण्याचा प्रश्न जवळजवळ नाण्याइतकाच जुना आहे, आणि त्या काळचे तांब्याच्या गाभ्यावर चांदीचे पत्र चढवलेले बनावट नाणेही आज अभ्यासाचा विषय ठरते. मात्र आपल्या हाती आलेले नाणे छेदण्याचा, खरवडण्याचा किंवा त्यावर आम्ल टाकण्याचा विचार तुम्ही कधीही करू नका. नाणे अस्सल निघाले तर तुम्ही त्याची कायमची हानी केलेली असेल.

ओतलेले नाणे तोंडाकडूनही ओळखता येते, परंतु त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एकच दिवा हवा. खोलीतले इतर दिवे बंद करून नाणे त्या एका दिव्याखाली सावकाश कलते करा. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. त्यामुळे न झिजलेल्या किंवा थोड्या झिजलेल्या अस्सल नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. झिजलेल्या नाण्यातही अक्षरांच्या मधल्या सुरक्षित बेचक्यांत ही चमक थोडीफार शिल्लक असते. ओतीव नाण्यात ती मुळीच नसते. तिथे साबणाच्या वडीसारखा मंद, सगळीकडे सारखा उजेड दिसतो. भिंगातून अक्षरांचे पाय पाहा. ठोकलेल्या अक्षराची भिंत मैदानापासून, म्हणजे नाण्याच्या मोकळ्या सपाट भागापासून, सरळ वर उठते, ओतलेल्या अक्षराचा पाय मैदानात विरघळल्यासारखा असतो आणि त्याच्या आसपास सुईच्या टोकाएवढी छिद्रे किंवा फोडांसारखे उंचवटे दिसतात.

तरीही हे सर्व ओतीव नाण्यांपुरते झाले, आणि अधिक धोकादायक बनावट नाणी ओतलेली नसतातच. अस्सल नाण्यावरून ठसा तयार करून, योग्य कसाच्या चांदीच्या चकतीवर तो यंत्राने मारला की वजन, विशिष्ट गुरुत्व, कड आणि चमक सगळे जवळपास ठीक भरते. अशा नाण्याला पकडण्याचा एक फार खात्रीचा मार्ग आहे. मूळ नाण्यावर जो काही ओरखडा, खड्डा किंवा ठोकर असेल ती त्या ठशात उतरते आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी, त्याच आकारात दिसते. अपघात दोन नाण्यांवर एकाच जागी होत नाहीत. अनेक वर्षांपूर्वी मी एक आठ रेआल घेतला होता, राजाच्या गालावर तांदळाच्या कणीएवढा एक खळगा होता, आणि त्या खळग्यामुळेच तो मला आवडला होता, कारण जुन्या वापराची खूण वाटली. पुढे एका संग्राहकाच्या तबकात तोच गाल आणि तोच खळगा मला दुसऱ्या सालच्या नाण्यावर दिसला. दोन्ही नाणी शेजारी ठेवून आम्ही भिंगातून बराच वेळ पाहत राहिलो. खळग्याच्या डाव्या टोकाला असलेला केसाएवढा फाटाही दोन्हींवर होता. म्हणून कोणतेही महत्त्वाचे नाणे घेण्यापूर्वी त्याच जातीच्या ज्ञात बनावट नाण्यांची छायाचित्रे मिळवून त्यांवरच्या खुणा आपल्या नाण्यावर शोधणे हे मी आता सर्वांत आवश्यक मानतो.

धातू अस्सल म्हणजे नाणे अस्सल, हा समज किती फसवा आहे याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कार्ल विल्हेल्म बेकर हा जर्मन कारागीर, 1772 ते 1830 हा त्याचा काळ. त्याने ग्रीक, रोमन आणि मध्ययुगीन नाण्यांचे तीनशेहून अधिक ठसे स्वतःच्या हाताने कोरले, आणि कित्येकदा ते त्याने झिजलेल्या अस्सल प्राचीन नाण्यांवरच मारले. त्या चांदीची रासायनिक तपासणी केली तर ती प्राचीनच निघणार. याउलट आधुनिक चांदीतून केलेली प्राचीन नाणी धातूच्या तपासणीत सापडू शकतात. जुन्या काळी शिशाच्या साहाय्याने चांदी शुद्ध करत, आणि त्या पद्धतीत सोने, शिसे, बिस्मथ यांचे अंश चांदीत राहून जात; विजेच्या साहाय्याने चांदी शुद्ध करण्याची रीत 19व्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचे म्हणून आणलेले नाणे 999 कसाचे निघाले तर ती त्याची थोरवी नसून दोष असतो. क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासणी करून घेणार असाल तर हेही लक्षात असू द्या की ते यंत्र पृष्ठभागालगतचा अगदी पातळ थरच वाचते. जाड मुलाम्याचे नाणे तिथेही चांदीचे ठरू शकते.

एक प्रकार असाही आहे की नाणे सर्वार्थाने अस्सल असते आणि तरीही विकताना खोटे असते. सामान्य सालाच्या नाण्यावर दुर्मीळ टाकसाळीचे अक्षर डकवतात किंवा सालाचा एखादा आकडा कोरून बदलतात. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरचे 1893 सालचे सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे फक्त 1,00,000 पाडले गेले, म्हणून त्याचे ‘एस’ हे अक्षर इतरांवर चिकटवण्याचा उद्योग फार चालतो. इथे भिंगाने अक्षराच्या पायाशी सांध्याची काळी रेघ शोधावी. शिवाय त्या अस्सल नाण्यांचा दर्शनी भाग एकाच ठशातून निघालेला आहे, त्यामुळे ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘टी’वर असलेली ठशाची बारीक रेघ आणि सालाच्या आकड्यांची जागा सर्वांवर सारखी असते. ती नसेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

आता थालर. तुमच्या नाण्याचे वजन 28.05 ग्रॅम आहे आणि अधिकृत वजन 28.07 ग्रॅम, चांदीचा कस 833. सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 मध्ये निवर्तली, परंतु तांबड्या समुद्राच्या परिसरात आणि इथिओपियात व्यापाऱ्यांना तिचेच नाणे हवे असे, म्हणून तेच साल कायम ठेवून ते पुढच्या दोन शतकांत पुन्हा पुन्हा पाडले गेले. व्हिएन्नाखेरीज रोम, लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, बर्मिंगहॅम येथे आणि 1940-41 मध्ये मुंबईच्या टाकसाळीतही ते निघाले. म्हणून ते नवे दिसते. ते बहुधा नवेच आहे, आणि त्यात कोणतीही फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा विक्रेता ते खरोखर 1780 मध्ये पाडलेले आहे असे सांगून त्या हिशेबाने मोल घेतो. कडेवर ‘न्याय आणि दया’ या अर्थाची लॅटिन अक्षरे स्पष्ट आणि नीट आहेत का ते पाहा, आणि आपल्या वहीत ‘नंतरची टाकसाळी आवृत्ती’ अशी नोंद करून ते निर्धास्तपणे जवळ ठेवा.

रुपयाबद्दल तुम्ही चिंता करण्याचे कारण नाही. 1840 सालच्या रुपयाचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत, एकावर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे सलग जातात आणि दुसऱ्यावर डोक्यामुळे ती दोन बाजूंना विभागलेली असतात. तुमचा आणि तुमच्या मित्राचा रुपया दोन्ही टाकसाळीचेच असू शकतात. 1835 पासून ठरलेले रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि तुमचा 11.52 भरतो, गालाचा आणि केसांचा उंच भाग सपाट झाला असल्याचे तुम्ही लिहिता, त्याच्याशी सव्वा टक्क्याची ही तूट अगदी जुळते. हा रुपया उभ्या अक्षावर फिरवून पाहा, म्हणजे पान उलटावे तसा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. अमेरिकी नाण्यांत ती उलटी दिसते. कंपनीच्या नावाने फिरणारी, 1818 साल घातलेली आणि राम-सीता किंवा हनुमान असलेली जी ‘नाणी’ दाखवली जातात ती मात्र कोणत्याही वजनाची असली तरी घेऊ नका. तशी नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत, त्यामुळे त्यांत अस्सल-नकली असा प्रश्नही उद्भवत नाही.

पुढच्या खरेदीसाठी एवढे करा: नाणे पाहण्याआधी सूचिग्रंथातून त्याचे वजन, व्यास, कडेचा प्रकार आणि दोन्ही बाजूंची परस्पर दिशा वहीत लिहून घ्या, म्हणजे नाणे समोर आल्यावर त्याच्या देखणेपणाने तुमचे भान हरपणार नाही. जमेल तितकी अस्सल, पण स्वस्त आणि सामान्य सालांची नाणी हाताळा. कडेवरून बोट फिरवण्याची सवय पुस्तकातून लागत नाही. गडद काळ्या रंगाला जुनेपणाचा पुरावा समजू नका, गंधकाच्या द्रावणात तो काही मिनिटांत चढवता येतो, आणि मग तो खोलगट जागांत साचण्याऐवजी सगळीकडे एकसारखा बसलेला दिसतो. मात्र जुना रंग असो वा नवा, तो घासून काढू नका. विक्रेत्याने दिलेल्या छापील प्रमाणपत्राला स्वतंत्र किंमत नाही. नामांकित तपासणी संस्थेच्या सीलबंद पेटीतले नाणे असेल तर पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत शोधून तिथले छायाचित्र हातातल्या नाण्याशी ताडून पाहा, कारण पेट्याही बनावट निघतात.

डॉलर परत करण्याची मुदत अजून असेल तर आजच विक्रेत्याला लेखी कळवा. पत्रात तो फसवतो आहे असा आरोप करण्याची गरज नाही, कदाचित तोही फसलेला असेल. नाण्यावरचे 420 ग्रेन, काट्यावरचे 24.10 ग्रॅम, पाण्यातला आकडा आणि कडेच्या सांध्याचे छायाचित्र एवढे पुरे आहे. पैसे परत मिळाले नाहीत तरी ते नाणे पुढे कोणालाही विकू नका, ‘हौशी माणसाला चालेल’ म्हणूनही नाही. त्याच्या पाकिटावर पक्क्या शाईने ‘बनावट’ असे लिहा, खाली तुम्ही घेतलेली मापे लिहा आणि ते तुमच्या अस्सल नाण्यांपासून वेगळ्या तबकात ठेवा. पुढच्या ट्रेड डॉलरच्या वेळी शेजारी ठेवून पाहायला ते तुम्हाला उपयोगी पडेल. पाण्याची परीक्षा झाली की आकडा मला कळवा, आणि रुपयाच्या कडेचेही एक छायाचित्र पाठवा, ती बाजू मी अजून पाहिलेली नाही.